नोट, युनिट आणि बिल: डीडी एजन्सीसाठी सॉफ्टवेअर घेताना काय काय विचारायचं?

फुलपात्र

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची डोंबिवलीची, तिकडे बारा वर्षं अकाउंट्समध्ये होते, आता न्यू जर्सीत एका छोट्या एजन्सीत बिलिंग बघते. एजन्सी डेव्हलपमेंटल डिसॅबिलिटी (डीडी) असलेल्या मोठ्या माणसांसाठी आहे, म्हणजे ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, सगळे २१ वर्षांच्या पुढचे. चार ग्रुप होम, एक डे प्रोग्रॅम आणि काही जणांच्या घरी जाऊन मदत. मिळून साधारण ६० जण. पैसे मेडिकेडकडून, म्हणजे इथल्या गरीब आणि दिव्यांग लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेकडून.

आत्तापर्यंत सगळं कागदावर चाललंय. प्रत्येक घरात जाडजूड बाइंडर, शुक्रवारी व्हॅनचा ड्रायव्हर त्यातली पानं काढून ऑफिसला आणतो, मी ती वाचून एक्सेलमध्ये युनिट (सेवेच्या वेळेचं बिलासाठीचं माप) भरते आणि मग राज्याच्या पोर्टलवर एकेक क्लेम, म्हणजे पैशांची मागणी, हाताने टाकते. सहीच नाही, वेळच नाही, तारीख खोडून वर दुसरी लिहिलेली, असली पानं आली की फोन करत बसायचं, आणि तोवर तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो.

गेल्या वर्षी मोठा फटका बसला. एकाचा प्लॅन मार्चमध्ये बदलला, त्याचा प्लॅन बघणाऱ्या सपोर्ट कोऑर्डिनेटरने तास वाढवून दिले, त्यामुळे नवीन प्रायर ऑथरायझेशन (किती सेवा द्यायची याची नंबरसकट आगाऊ मंजुरी) निघालं, त्याची ईमेल गेली माझ्या आधीच्या बाईंच्या इनबॉक्समध्ये, ज्या सोडून गेल्या होत्या. आम्ही जुन्याच नंबरवर बिल लावत राहिलो आणि सगळं डिनाय. मला कळलं जुलैमध्ये. पैसे शेवटी आले पण मधल्या दोन पगारांना मालकांनी कर्ज काढलं, आणि ते बघून मला रात्री झोप लागायची नाही.

आता डायरेक्टर म्हणतायत तीन महिन्यांत सॉफ्टवेअर ठरव. चार डेमो बघितले, चारही देखणे, सगळे म्हणतात आमच्याकडे सगळं आहे. इथे या लाइनमधलं कोणी आहे का? काय विचारू?

---

कोलंबसकर

फुलपात्र ताई, स्वागत. मी ओहायोत आहे, ११ वर्षं झाली, आधी डीएसपी (डायरेक्ट सपोर्ट प्रोफेशनल, म्हणजे प्रत्यक्ष काळजी घेणारा स्टाफ) म्हणून ग्रुप होममध्ये शिफ्ट केल्या, मग हाऊस मॅनेजर, आता दोन काउंटींचं क्वालिटीचं काम बघतो. तुमचं पत्र वाचून जुने दिवस आठवले, तो शुक्रवारचा बाइंडर तर अगदी ओळखीचा.

पहिली गोष्ट, बिलिंग हे सगळ्यात शेवटचं टोक आहे हे डोक्यात पक्कं ठेवा. आधी माणसाचा प्लॅन, प्लॅनमधून ऑथरायझेशन, त्यावरून शेड्यूल, मग प्रत्यक्ष दिलेली सेवा, तिची नोट म्हणजे स्टाफने लिहिलेली नोंद, नोटमधल्या वेळेतून युनिट, युनिटवरून क्लेम, मग रेमिटन्स, म्हणजे किती पैसे मिळाले त्याचा हिशोब. क्लेम अडकला की सगळे बिलिंगवाल्याकडे बघतात पण माझ्या अनुभवात दहातल्या आठ वेळा घोळ नोटमध्ये किंवा ऑथमध्ये झालेला असतो. म्हणून डेमोमध्ये बिलिंगची स्क्रीन शेवटी बघा. आधी त्यांना सांगा, ऑथरायझेशन मधेच बदललं असं करून दाखवा. जुनं १४ मार्चला संपलं, नवीन १५ ला सुरू झालं, आणि १२ तारखेची उशिरा लिहिलेली नोट आज आली, तर तुमचं सॉफ्टवेअर ती कुठल्या नंबरवर लावतं? आणि युनिट संपत आले की कोणाला सांगतं? हे दोन प्रश्न विचारल्यावर माझ्यासमोर एक सेल्सवाला चक्क म्हणाला मी तुम्हाला नंतर कळवतो.

दुसरं वेळेचं. तुमचं डे हॅब, म्हणजे डे प्रोग्रॅमची सेवा, १५ मिनिटांच्या युनिटवर असणार, बिलिंगचा कोड टी-२०२१. आमच्याकडे नियम असा की ८ ते २२ मिनिटं म्हणजे एक युनिट. प्रत्येक राज्याचा राऊंडिंगचा नियम वेगळा, तुमच्या मॅन्युअलमध्ये काय आहे ते बघा आणि सॉफ्टवेअरमध्ये तोच बसवलाय का ते स्वतः बेरीज करून तपासा. मी एके ठिकाणी बघितलंय, स्टाफ सवयीने रोज ९ ते ३ लिहायचा, २४ युनिट. प्रत्यक्षात व्हॅन २:५० ला निघायची. ५ तास ५० मिनिटं म्हणजे ३५० मिनिटं, २३ युनिट झाले आणि वर ५ मिनिटं उरली, ती धरता येत नाहीत. माणशी रोज एक युनिट जास्त. १८ माणसं, पाच दिवस, आठवड्याला ९० युनिट न दिलेल्या सेवेचे. कोणाच्या मनात चोरी नव्हती हो. पण ऑडिटरला मनातलं दिसत नाही, त्याला व्हॅनचा लॉग दिसतो. सरकारकडे खोटी बिलं लावण्याविरुद्धचा फॉल्स क्लेम्स ॲक्ट १८६३ पासून आहे, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्यांसाठी केलेला, आणि त्यात तिप्पट वसुली आहे. जास्तीचे पैसे आलेत हे नक्की कळल्यावर ते परत करायला साधारण ६० दिवस मिळतात.

---

रात्रपाळी_पुणे

कोलंबसकर दादांना अनुमोदन. मी खराडीतून यूएस हेल्थकेअरचं काम करतो, एआर कॉलर, म्हणजे थकलेल्या बिलांचा फोनवर पाठपुरावा करणारा, म्हणून सुरुवात केली, आता डिनायलची (नाकारलेल्या क्लेमची) टीम बघतो. एक सांगून ठेवतो, मेडिकेडमध्ये काही राज्यांचा डेटा देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे आमचं बरंचसं काम कमर्शियल इन्शुरन्सचं आहे, पण कोड तेच असतात.

ताई, डेमोत त्यांना डिनायल दाखवायला सांगा. सगळे क्लेम पाठवून दाखवतात, हिरवी बरोबरची खूण दाखवतात, परत आलेला क्लेम कोणी दाखवत नाही. क्लेमच्या इलेक्ट्रॉनिक फाइलींना नंबर असतात. ८३७ ची, म्हणजे क्लेमची, फाइल गेली, पलीकडून ९९९ आली म्हणजे फक्त फाइलचा साचा बरोबर होता एवढंच, मग २७७ मध्ये क्लेम आत घेतला की नाही ते येतं, आणि खरं काय झालं ते ८३५ मध्ये. नवीन माणूस ९९९ ला झालं म्हणून सोडून देतो. तुमच्या सॉफ्टवेअरने हे तिन्ही टप्पे प्रत्येक क्लेमपुढे दाखवले पाहिजेत.

आणि डिनायल कोड नुसता आकडा म्हणून नको. सीओ-१९७ म्हणजे ऑथ नाही, तुमचं बहुतेक हेच झालं असणार. सीओ-१९८ ऑथपेक्षा जास्त युनिट. सीओ-१८ डुप्लिकेट. सीओ-२७ कव्हरेज संपल्यानंतरची तारीख. सीओ-२९ टायमली फायलिंग गेलं. हा शेवटचा सगळ्यात वाईट कारण तिथे अपील करायला काही हातात राहत नाही. फेडरल नियमात सेवेच्या तारखेपासून १२ महिने आहेत पण राज्य त्यापेक्षा कमी ठेवू शकतं, तेव्हा तुमचा आकडा शोधून मोठ्या अक्षरात टेबलासमोर लावा. कव्हरेजसाठी २७०-२७१ ची चौकशी महिन्याच्या १ तारखेला सगळ्यांची एकगठ्ठा आपोआप व्हायला हवी, मेडिकेडचं रिन्युअल राहिलं म्हणून मेडिकेडच बंद झालेलं असतं आणि घरच्यांना पत्ताच नसतो.

अजून एक, क्लिअरिंगहाऊस (क्लेम पुढे पोचवणारी मधली कंपनी) कुठलं आणि ते बंद पडलं तर दुसरा रस्ता काय ते विचारा. २०२४ च्या फेब्रुवारीत सायबर हल्ल्याने देशातलं एक खूप मोठं क्लिअरिंगहाऊस आठवडेच्या आठवडे बंद होतं, आमच्या फ्लोअरवर क्लेमचे ढीग साचले होते आणि पलीकडे छोटे प्रोव्हायडर रडकुंडीला आले होते. हातात रोकड नसेल तर महिनाभर काढणं अवघड.

---

खडूफळा

मी सांगलीकडच्या एका विशेष शाळेत शिक्षिका आहे. धागा कुतूहलाने वाचतेय. आमच्याकडे प्रत्येक मुलाचा वैयक्तिक आराखडा आणि रोजची टाचणवही असते, तेवढ्यातच जीव जातो. तुमच्याकडे तर पंधरा पंधरा मिनिटांचा हिशोब! मग त्या मुलांबरोबर बसायचं कधी? खरंच विचारतेय.

---

कोलंबसकर

खडूफळा बाई, तुमचा प्रश्न इथला प्रत्येक डीएसपी रोज विचारतो. थोडं मागे जाऊन सांगतो, लांबेल जरा.

इथे पूर्वी या माणसांना मोठमोठ्या सरकारी संस्थांमध्ये ठेवायचे. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर विलोब्रूक नावाची संस्था होती, १९७२ मध्ये टीव्हीवर तिथली हालत दाखवली, उघडी मुलं, घाणीत पडलेली, चाळीस चाळीस मुलांमागे एखादा माणूस. देश हादरला. ती पूर्ण बंद व्हायला १९८७ उजाडलं. १९८१ मध्ये कायद्यात १९१५-सी वेव्हर आलं, म्हणजे जो पैसा संस्थेत ठेवण्यासाठी मिळायचा तोच घरी किंवा वस्तीत राहून सेवा घ्यायला वापरता येईल. मग १९९९ मध्ये जॉर्जियातल्या दोन बायकांच्या खटल्यात, ओल्मस्टेडच्या, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाहेर राहू शकणाऱ्या माणसाला विनाकारण संस्थेत डांबून ठेवणं हा भेदभाव आहे.

झालं काय, की एका इमारतीतली हजारो माणसं हजारो घरांत गेली. ही चांगलीच गोष्ट झाली. पण मग आत काय चाललंय हे कळणार कसं? चार बेडरूमच्या घरात रात्री एकच स्टाफ असतो, आणि ज्याची काळजी घ्यायची तो बऱ्याचदा बोलून सांगू शकत नाही. त्याने जेवण घेतलं का, औषध दिलं का, पडला का, बाहेर नेलं का, याचा साक्षीदार म्हणजे ती नोट. म्हणून मी नोटेला कटकट म्हणत नाही. कटकट असते वाईट फॉर्मची.

तुम्ही विचारलंत बसायचं कधी. नोट बसूनच लिहायची, त्याच्याशेजारी. त्याने भांडी घासायला किती मदत लागली, स्वतः केलं, तोंडी सांगावं लागलं, खुणेने दाखवावं लागलं की हात धरून, हे तिथल्या तिथे एका बोटाने टिपता आलं तर अर्धं मिनिट जातं. तेच शिफ्ट संपल्यावर पाच जणांचं आठवून लिहायचं तर पाऊण तास आणि त्यात निम्मं अंदाजाने.

---

रानमेवा

मी लॉगिन करायचा कंटाळा करते पण आज राहवलं नाही. मी पेन्सिल्व्हेनियात ग्रुप होममध्ये डीएसपी आहे, वय ५८, मुलं मोठी झाल्यावर हे काम धरलं, आता सातवं वर्ष. वरच्या सगळ्यांनी छान लिहिलंय पण एकाही डेमोला आमच्यातलं कोणी बसलं होतं का? फुलपात्र, तुझ्या त्या चार डेमोंना?

आमच्याकडचं सांगते. सॉफ्टवेअर आलं तेव्हा आम्हाला दीड तासाचं ट्रेनिंग दिलं, तेही झूमवर. घरात एक लॅपटॉप, आम्ही शिफ्टला दोघी, माणसं चार. संध्याकाळी ५ ते ८ मध्ये स्वयंपाक, आंघोळी, औषधं, एकाला फीट येते त्याच्यावर लक्ष, आणि ते सॉफ्टवेअर काही मिनिटं हात लावला नाही की आपोआप लॉगआउट. सुरक्षेसाठी आहे, मान्य आहे मला, पण अर्धी लिहिलेली नोट पण जाते ना! तीन वेळा गेली की माणूस काय करतं? रात्री पावणेअकराला सगळ्यांचं एकदम लिहितं, आणि कालचीच नोट कॉपी करून तारीख बदलतं. मी पण केलंय, इथे कबूल करते, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

आमच्या शेजारच्या घराचं ऑडिट झालं तेव्हा तिथे एकाच माणसाच्या महिनाभर एकसारख्या नोटा निघाल्या, पार्कात फिरलो, पक्षी बघितले, आनंदी होता. त्यात एक दिवस असा होता की बर्फाच्या वादळामुळे अख्ख्या गावातले रस्ते बंद होते. त्या मुलीची नोकरी गेली. चांगली मुलगी होती गं. दोन नोकऱ्या करायची. त्या माणसाला न्हाऊ घालताना गाणं म्हणायची, ते कुठल्या नोटमध्ये नव्हतं.

तेव्हा विचार की फोनवर चालतं का, अर्धी नोट आपोआप सेव्ह होते का, चष्म्याशिवाय दिसेल एवढी अक्षरं आहेत का, आणि एका नोटेला किती वेळा क्लिक करावं लागतं ते स्वतः मोज. आमच्यात स्पॅनिश बोलणाऱ्या, हैतीच्या, लायबेरियाच्या बायका आहेत, इंग्रजी लिहिताना दबतात. त्यांना तोंडाने बोलून लिहिता आलं तर किती सांगतील त्या.

---

फुलपात्र

रानमेवा ताई, नाही, कोणीच नव्हतं. मी, डायरेक्टर आणि आयटीवाला. वाचून पोटात गलबललं. पुढच्या डेमोला दोन डीएसपींना पगारी वेळ देऊन बसवणार, आजच डायरेक्टरांना लिहिलंय.

सगळ्यांचे आभार. एक शंका, घरी जाऊन मदत करतो त्यांच्यासाठी ईव्हीव्ही (इलेक्ट्रॉनिक व्हिजिट व्हेरिफिकेशन, म्हणजे भेटीची इलेक्ट्रॉनिक नोंद) पण लागतं, ते वेगळं घ्यायचं की एकत्र मिळतं?

---

कंदील

ईव्हीव्हीचं मी सांगतो, ऑस्टिनला आहे, याच प्रकारचं ॲप बनवणाऱ्या टीममध्ये काम करतो, कंपनीचं नाव सांगत नाही कारण जाहिरात नको.

हे आलं २०१६ च्या ट्वेंटीफर्स्ट सेंच्युरी क्युअर्स ॲक्टमधून. पर्सनल केअरसाठी आधी २०१९ ठरलं होतं, ते पुढे ढकलून १ जानेवारी २०२० झालं, होम हेल्थला २०२३. जी राज्यं करणार नाहीत त्यांचा केंद्राकडून येणारा वाटा कापायचा, पाव टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत. कायद्याला सहा गोष्टी हव्यात: कुठली सेवा, कोणाला दिली, कोणी दिली, कुठल्या तारखेला, कुठे, आणि कधी सुरू कधी संपली. बस. लोकांना वाटतं की जीपीएस सक्तीचा आहे, दिवसभर माग काढतात, तसं कायद्यात नाही. लँडलाइनवरून फोन करून किंवा घरात बसवलेल्या छोट्या यंत्रावरूनही चालतं, राज्याने काय निवडलंय त्यावर आहे. दिव्यांग चळवळीतल्या लोकांनी सुरुवातीपासून यावर आवाज उठवला, की मी कुठे जाते ते सरकारला कशाला, आणि मला ते पटतं. आमच्या टीममध्ये मी भांडून एवढं केलं की ॲप फक्त सुरुवातीला आणि शेवटी लोकेशन घेतं, मधे बंद.

२४ तास स्टाफ असलेल्या ग्रुप होमला हे लागू नाही, तिथे पर डिएम, म्हणजे दिवसाचा ठरावीक दर, असतो. तुम्हाला लागेल ते घरी जाऊन देता त्या तासांना. बघायचं काय? तुमचं राज्य तुम्हाला स्वतःचं ॲप वापरू देतं का, आणि देत असेल तर त्या ॲपने राज्याच्या ॲग्रीगेटरला (सगळ्यांचा ईव्हीव्ही डेटा गोळा करणाऱ्या सिस्टिमला) डेटा पाठवण्याची परवानगी आधीच मिळवलेली आहे का. 'लवकरच मिळेल' याला होकार समजू नका. मग ऑफलाइन. तळघरातल्या अपार्टमेंटमध्ये रेंज नसते, तिथे क्लॉक-इन फोनमध्ये साठून नंतर गेलं पाहिजे, आणि वेळ साठवल्याची लागली पाहिजे, नेटवर्क आल्याची नाही. आणि हाताने केलेली दुरुस्ती. विसरलेला क्लॉक-आउट नंतर भरता येतो पण कारणाचा कोड द्यावा लागतो, काही राज्यं किती टक्के व्हिजिट अशा दुरुस्त केल्या ते मोजतात. आणि ईव्हीव्हीची वेळ, नोटमधली वेळ, पेरोलमधली वेळ तीन ठिकाणी वेगवेगळी राहिली तर ऑडिटला तुम्हीच पुरावा हातात दिला असं होतं, म्हणून जमलं तर सगळं एकाच कंपनीचं घ्या.

---

कोलंबसकर

कंदील, उत्तम. पर डिएमचं निघालं म्हणून भर घालतो. ग्रुप होमचा दिवस बिल करताना माणूस त्या रात्री घरात होता का हे महत्त्वाचं. एका ठिकाणी रात्रीच्या स्टाफने नेहमीप्रमाणे चौघांची हजेरी लावली, त्यातला एक न्यूमोनियाने हॉस्पिटलात ॲडमिट होता, इन्सिडेंट रिपोर्ट पण त्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याच स्टाफने लिहिलेला. दोन्ही पानं एकमेकांशी बोलतच नव्हती. सहा रात्रींचे पैसे परत करावे लागले. तेव्हा विचारा, इन्सिडेंटमध्ये हॉस्पिटल आलं की हजेरी आपोआप अडते का. तसंच एकाच वेळी डे प्रोग्रॅममध्येही हजर आणि घरी सपोर्टही चालू, असं ओव्हरलॅप पकडतं का.

सॉफ्टवेअरची नावं कोणी विचारली तर, थेरॅप २००३ पासून आहे, नेब्रास्कासारख्या राज्याने ते राज्यभर लावलं, त्यांचं बरंचसं बांधकाम ढाक्यात होतं. त्यांचा टी-लॉग (रोजची नोंद) हा शब्द तर आमच्याकडे रोजच्या बोलण्यात आलाय. इतरही चांगली आहेत. मी कुठलंही एक घ्या असं म्हणणार नाही, ६० माणसांच्या एजन्सीला काय झेपतं ते बघा. पैसे दर माणशी घेतात की दर लॉगिन ते मात्र नक्की बघा. डीएसपी सतत बदलत असतात, दर लॉगिनवाला हिशोब महागात जातो आणि मग लोक एकमेकांचा पासवर्ड वापरतात, ते तर अजिबात नको, कारण सही कोणाची तेच कळत नाही.

---

सोनचाफा

मी या लाइनमधली नाही. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, ऑटिझम, आम्ही न्यू जर्सीतच, तो चार वर्षांचा असताना आलो. या धाग्यावर सगळे दुसऱ्या बाजूने लिहितायत म्हणून आईच्या बाजूने लिहिते.

तो बोलतो. थोडंच, पण बोलतो, आणि मराठीत बोलतो कारण घरात आजी असते आणि त्याचं सगळं बोलणं तिच्याकडून आलंय. पाणी, नको, पुरे, बाहेर, आजी कुठे. आधीच्या डे प्रोग्रॅममध्ये त्याच्या फाइलवर लिहिलं होतं नॉन-व्हर्बल. मी तीनदा सांगितलं तो बोलतो, मान हलवायचे, फाइलमध्ये बदल नाही, कारण म्हणे तो रकाना असेसमेंटमधून आपोआप येतो, बदलता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी तिथे तो दोन दिवस सारखा गालाला हात लावून काहीतरी म्हणत होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या तोंडावर मारून घेतलं तेव्हा मला फोन आला. दाढेला पू झाला होता. नंतर मी त्या दिवसांच्या नोटा मागून घेतल्या. दोन्ही दिवशी लिहिलं होतं, वारंवार आवाज काढत होता, ॲक्टिव्हिटीला नकार, शब्दांनी वळवण्याचा प्रयत्न केला, युनिट २४. तो काय म्हणत असणार मला माहितीय. दुखतंय. त्याला तो शब्द येतो, पडला की म्हणतो.

त्या नोटा नियमाने बरोबर होत्या. वेळ होती, सही होती, बिलही पास झालं असणार.

आता आम्ही सेल्फ-डायरेक्शन घेतलंय, म्हणजे मदतीला कोण हवं ते आम्हीच ठरवतो, ओळखीच्या एक मराठी ताई त्याच्याबरोबर असतात, त्या फोनवर क्लॉक-इन करतात आणि मला पोर्टलवर रोजची नोट दिसते. फुलपात्र, तुम्ही सॉफ्टवेअर घेताना एवढं बघाल का, की आईबापाला वाचता येतं का, आणि माणूस कसा बोलतो हे कुठेतरी वर, नोट लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर येतं का.

---

रानमेवा

सोनचाफा, मला तुझ्या लेकाला भेटायचंय.

---

फुलपात्र

सोनचाफा ताई, कालपासून हे तीन वेळा वाचलं. आमच्याकडे गुजराती, तमिळ, स्पॅनिश घरातले मिळून नऊ जण आहेत, मी आज सगळ्यांच्या फाइल काढून बघितल्या, सहा जणांच्या पुढे घरची भाषा हा रकाना कोरा आहे. मी बिलिंगची म्हणून हे कधी बघितलंच नव्हतं.

---

कोलंबसकर

ताई, हे कराच. कम्युनिकेशन डिक्शनरी म्हणून एक पद्धत असते, तो असं करतो किंवा म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ हा, आणि आपण हे करायचं. तीन रकाने. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये कुठेतरी सोळाव्या टॅबमध्ये पुरलेली असते. ती नोटेच्या फॉर्मच्या वरच आली पाहिजे अशी अट करारात घाला. करारावरून आठवलं, सोडून जाताना तुमचा सगळा डेटा कुठल्या फॉरमॅटमध्ये, किती दिवसांत, किती पैशात देणार ते सही करण्याआधी लेखी घ्या, रेकॉर्ड वर्षानुवर्षं सांभाळावे लागतात आणि ऑडिट सॉफ्टवेअर बदलल्यानंतरही येतं.

---

फुलपात्र

धागा वर काढतेय, तीन आठवड्यांनी. अपडेट देते.

दोन डेमो पुन्हा केले, दोन्हीला आमच्या दोन डीएसपी बसल्या. एकीने दहा मिनिटांत अशी गोष्ट पकडली जी माझ्या लक्षातच आली नसती, औषध नाकारलं असं लिहायला जागाच नव्हती, फक्त दिलं किंवा नाही दिलं. ऑथरायझेशन मधेच बदलण्याचा प्रयोग एकाने नीट करून दाखवला, दुसऱ्याने जुन्या तारखेची नोट नवीन नंबरवर टाकली. डिनायल दोघांनाही विचारले, रात्रपाळी दादा, तुमचे पाच कोड कागदावर लिहून नेले होते.

एका कंपनीने नवीन काढलेलं बटण दाखवलं, चार खुणा करा, बाकी नोट एआय लिहून देतो. डायरेक्टर खूष झाले. मला तितकं पटलं नाही. काय मत?

---

रानमेवा

नको गं. मी बोललेलं लिहून दे, मोडकं इंग्रजी सरळ कर, इथपर्यंत हवंच आहे मला. पण मी न सांगितलेलं वाक्य त्यात आलं, आनंदी दिसत होता वगैरे, तर खाली सही माझी आहे. ते पार्कवालंच पुन्हा होणार, फक्त रोज वेगळ्या शब्दांत, म्हणजे कोणाला पकडता पण येणार नाही.

---

कंदील

रानमेवांशी सहमत आणि मी हे बनवणाऱ्यातला आहे. विचारा की मूळ बोललेलं किंवा टिपलेलं वेगळं साठवतात का, म्हणजे नंतर ताडून बघता येईल. नसेल तर ते बटण तुमच्या अकाउंटला बंद ठेवायला सांगा, बंद करता येतं. आणि तो आवाज किंवा मजकूर कुठे जातो, त्या कंपनीशी हिपाचा (आरोग्याची माहिती खासगी ठेवण्याच्या कायद्याचा) करार आहे का, हेही. याच कारणासाठी तुमच्या घराघरांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतील तर तेही आता आवरा, फोटोसकट सगळं तिथे पडलेलं असतं.

---

फुलपात्र

आहेत ग्रुप. करते बंद.

ऑथरायझेशनचा प्रयोग नीट करून दाखवणारं जवळजवळ ठरतंय. डे प्रोग्रॅमला एक महिना कागद आणि सॉफ्टवेअर दोन्ही चालवणार, बिल कागदावरूनच लावणार, आणि दर शुक्रवारी दोन्हीकडचे युनिट जुळवून बघणार. जुळले की मग ग्रुप होम.

सोनचाफा ताई, डिक्शनरी फॉर्मच्या वर आणायला ते तयार झालेत, टेस्ट अकाउंटवर करून पण दिलं. तुमची परवानगी असेल तर नाव न घालता तुमच्या मुलाचे शब्द नमुना म्हणून टाकू का?

---

सोनचाफा

टाका हो. पाणी, नको, पुरे, बाहेर, आजी कुठे. आणि दुखतंय. तो दुखतंय नीट म्हणत नाही, 'दुत्तय' असं ऐकू येतं, तसंच लिहा.

---

कंदील

फुलपात्र, टाकाल तेव्हा देवनागरी आणि इंग्रजी अक्षरं दोन्हीत टाका, स्टाफला वाचता आलं पाहिजे. आणि सेव्ह करून परत उघडून बघा, मग पीडीएफ काढून बघा. बऱ्याच सिस्टिममध्ये स्क्रीनवर मराठी नीट दिसतं आणि छापताना प्रश्नचिन्हं होतात.

---

फुलपात्र

बघितलं आत्ता. स्क्रीनवर नीट दिसतंय, दुत्तय, दुखतंय, सगळं. पीडीएफमध्ये सहा चौकोन. तिकीट टाकलंय, आणि हे दुरुस्त झाल्याशिवाय सही नाही असं डायरेक्टरांना सांगून आलेय.